झाड पाणी पिते किती, मुरवते किती?

कोरडवाहू भागातील झाडे आणि विहिरीचे पाणी
(रेडिओवरील शेती कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की गावात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक जण म्हणतो, "विहिरीच्या अंगाला तो निंब आहे ना, तोच सगळं पाणी ओढतो. तोडून टाका." दुसरा म्हणतो, "गावात झाडं राहिली नाहीत म्हणून पाणी आटलं. माळ झाडांनी भरून टाका, पाणी आपोआप येईल." दोघेही पाहिलेले बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात निम्मे खरे आहे. पण निम्म्या खऱ्यावर निंब तोडला तर वीस-पंचवीस वर्षांचे झाड तासाभरात जाते. आणि निम्म्या खऱ्यावर विहिरीच्या वरच्या अंगाला दोन एकर दाट लागवड केली, तर आपल्या विहिरीबरोबर शेजाऱ्याचीही विहीर अडचणीत येते. म्हणून आज आपण झाडाचा आणि भूजलाचा जमाखर्च मांडून पाहणार आहोत. झाड पाणी देते किती, घेते किती, आणि शिल्लक कशी राखायची, एवढाच आजचा विषय.

आपल्याकडे पाणी साठते कुठे?

आधी जमिनीचे बघू. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकाचे थर एकावर एक रचलेले असतात. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कुठे भेगाळलेला खडक, कुठे छिद्रे-फोडी असलेला मांजऱ्या, आणि मग घट्ट कातळ. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांमध्ये. घट्ट कातळात पाणी राहत नाही. गंगा-यमुनेच्या गाळाच्या प्रदेशात जमिनीखाली शेकडो फूट वाळू आणि गाळ आहे, तिथे पाण्याची कोठी मोठी. आपली कोठी लहान. पावसाळ्यात लवकर भरते आणि उपसा झाला की लवकर रिकामी होते.

त्यात आपल्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात वर्षाचा पाऊस बहुतेक ठिकाणी ५०० मिलिमीटरच्या आसपास. तोही मोजक्या दिवसांत पडतो. पडलेल्या पाण्यातले काही ओढ्याने वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून थांबते आणि तिथूनच उन्हाने, पिकाने संपते. खाली मुरून विहिरीच्या झऱ्यांना जाऊन मिळते ते ढोबळमानाने दहाव्या हिश्श्याच्या मागेपुढे. कुठे कमी, कुठे थोडे जास्त. हा दहावा हिस्सा म्हणजे आपली खरी कमाई. झाड या कमाईत भर घालते की त्यातून उचल करते, हा प्रश्न आहे.

झाडाचे देणे

उघड्या, तुडवलेल्या माळावर पावसाचा थेंब जोरात आदळतो. मातीचा वरचा पापुद्रा घट्ट बसतो, त्याची जणू साय धरते. मग कितीही पाऊस पडो, पाणी आत शिरण्याऐवजी वरून पळते आणि जाताना माती घेऊन जाते. तीच माती खाली पाझर तलावात बसते आणि त्याचा तळ बुजवते.

झाड असले म्हणजे हे चित्र पालटते. खाली पाला पडतो, तो कुजतो. गांडुळे, वाळवी आणि इतर किडे माती पोकळ करतात. जुन्या मुळ्या कुजून गेल्या की त्यांच्या जागी बारीक नळ्या राहतात आणि त्या वाटेने पाणी सरळ खाली उतरते. सावलीमुळे माती कमी तापते, ओल जास्त दिवस टिकते. काही झाडांची मुळे आणखी एक काम करतात. रात्री पाने थंड असतात, मुळांची ओढ कमी होते, तेव्हा खोलवरच्या ओलीतले थोडे पाणी वरच्या कोरड्या मातीत सोडले जाते. अमेरिकेतील युटा राज्यात १९८७ साली संशोधकांनी हे एका रानझुडपाच्या बाबतीत दाखवून दिले. नंतर पुष्कळ झाडांत तसेच आढळले.

झाडाचे घेणे

आता खर्चाची बाजू. झाड पाणी पिते आणि पानांवाटे हवेत सोडते. त्याखेरीज ते जगूच शकत नाही. शिवाय हलक्या सरीचे पुष्कळसे पाणी पानांवरच अडकते आणि तिथूनच वाळून जाते, जमिनीपर्यंत पोचत नाही.

पिकाचे आणि झाडाचे पाणी पिणे यात मोठा फरक आहे. बाजरी पावसावर येते आणि पावसाळा सरता सरता निघून जाते. तिची मुळेही फार खोल नसतात. झाड मात्र उभ्या वर्षाचे पाहुणे. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत शेत मोकळे असले तरी हिरवे झाड पाणी ओढतच राहते. वरची ओल संपली की मुळे खाली जातात. किती खाली? अमेरिकेतील अॅरिझोनात एका खाणीच्या खोदाईत ५३ मीटर खोलीवर मुळे सापडली होती, आणि ती मेस्किट नावाच्या झाडाची होती. आपल्याकडे ओढ्यानाल्यांत माजलेली वेडी बाभूळ त्याच कुळातली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. झाडाने उन्हाळाभर खालची माती कोरडी केली, की पुढच्या पावसाळ्यात मुरणारे पाणी आधी ती कोरडी माती भरून काढते. तिचे पोट भरल्यावर जे उरेल तेच विहिरीकडे जाते. म्हणजे झाडाची मुळे विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचली नाहीत तरी विहिरीचा वाटा कमी होऊ शकतो. दाट लावलेल्या झाडांत हेच घडते.

आकडे मांडून पाहू

एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी झाले. ५०० मिलिमीटरला २० लाख लिटर. त्याचा दहावा हिस्सा मुरला असे धरले तर एकरी २ लाख लिटर भूजल जमा झाले.

समजा, त्या एकराच्या बांधावर दहा मोठी झाडे आहेत. प्रत्येक झाड दिवसाला ४० लिटर पाणी पिते असे केवळ हिशेबापुरते धरू. पावसाळ्यानंतरच्या २४० दिवसांत दहा झाडांचे ९६ हजार लिटर झाले. यातले काही वरच्या ओलीचे, काही खालचे. त्याच झाडांनी पाणी मुरायला मदतही केलेली असते. म्हणजे दहा झाडांनी वर्षाची कमाई बुडवली नाही.

आता दुसरे शेत घ्या. एका एकरात आठ-आठ फुटांवर, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास, लवकर वाढणारी झाडे लावली. लहान आहेत म्हणून प्रत्येकी दिवसाला फक्त ५ लिटर धरा. ६४० झाडांचे रोजचे ३,२०० लिटर, आणि २४० दिवसांचे पावणेआठ लाखांच्या जवळ. जमा होती २ लाख. वरच्या ओलीचे पाणी वजा केले तरी अशा शेताखालून विहिरीला फारसे काही मिळत नाही, हे उघड आहे.

आणि आता तिसरा आकडा, जो आपण सहसा मांडत नाही. पाच अश्वशक्तीचा पंप सेकंदाला ५ लिटर पाणी फेकत असेल, तर तासाला १८ हजार लिटर झाले. दहा झाडांनी आठ महिन्यांत प्यालेले ९६ हजार लिटर पाणी हा पंप साडेपाच तासांच्या आत उपसतो. उसाला वर्षाला २,००० मिलिमीटरच्या घरात पाणी लागते, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. पावसाचे सगळे २० लाख त्याच्या नावे टाकले तरी ६० लाख बाहेरून द्यावे लागतात. तेव्हा विहीर आटली तर आधी विहिरीवरच्या निंबाकडे नव्हे, पंपाच्या बटणाकडे बघायला हवे.

झाडागणिक, मातीगणिक हे आकडे बदलतात. पण तीनही हिशेबांतले अंतर इतके मोठे आहे की थोडेफार इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष बदलत नाही.

इतर ठिकाणी काय दिसले?

हा नुसता कागदी हिशेब नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात १९८० नंतर कोरडवाहू शेतांत निलगिरीची मोठी लागवड झाली. पाणी आटते अशी तक्रार शेतकऱ्यांनी केली, तेव्हा तिथे शास्त्रीय मोजणी झाली. जिथे माती मध्यम खोलीची होती, तिथे निलगिरी आणि मूळचे पानगळीचे जंगल यांचे पाणी पिणे जवळपास सारखे निघाले. मात्र दोन्ही नाचणीच्या पिकापेक्षा जवळजवळ दुप्पट पाणी घेत होती. पण बंगळूरजवळ होसकोटेला माती खूप खोल होती. तिथे निलगिरीने पडलेल्या पावसापेक्षाही जास्त पाणी वापरले. मुळे वर्षागणिक खाली खाली जात होती आणि पूर्वीची साठवण उचलत होती. व्याज खाऊन झाल्यावर मुद्दलाला हात घालावा, तसे.

उलट अनुभव ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातला. तिथे निलगिरीच्याच जातीची रानझाडे तोडून गव्हाची शेती केली. खोल मुळांची झाडे गेल्यावर पाणी पिणारे कोणी राहिले नाही. जमिनीखालचे पाणी वर येऊ लागले आणि येताना खालचा खार घेऊन आले. जमिनी पांढऱ्या पडल्या. एका रेल्वे इंजिनिअरने हा संबंध १९२४ सालीच लिहून ठेवला होता. यातून काय दिसते? झाडे पाणी उचलतात हे खरे, आणि कुठे कुठे ते उचलणे गरजेचेही असते. हरियाणात पाणी साचून बिघडलेल्या कालव्याच्या जमिनीत मुद्दाम निलगिरीच्या रांगा लावून पाण्याची पातळी खाली आणली गेली. म्हणजे निलगिरीला सरसकट दोष देता येत नाही. तिची जागा चुकते, म्हणून ती नडते. आपल्याकडे कालव्याखाली चिबड झालेल्या जमिनीत ती उपयोगी पडेल. पाण्याच्या थेंबाला महाग असलेल्या माळावर ती परवडणार नाही.

सगळ्यांत कामाचा दाखला आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाचा. तिथेही आपल्यासारखा चार महिन्यांचा पाऊस आणि बाजरी-ज्वारीची शेती. शेतात विखुरलेली जुनी झाडे राखण्याची तिथे रीत आहे. या शेतांत केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. झाडे अगदीच नसली तर पाणी नीट खोल मुरत नाही. झाडे फार दाट असली तर मुरलेले पाणी झाडेच पिऊन टाकतात. मध्यम, विरळ झाडे असली म्हणजे सर्वांत जास्त पाणी खाली जाते. त्यातही जास्त पाणी मुरते ते झाडाच्या घेराच्या कडेला आणि जवळच्या लहान मोकळ्या जागेत. झाडाने भुसभुशीत केलेली माती तिथवर असते, पण पिण्याची ओढ तिथे कमी असते.

आता आपल्याकडचे आठवा. बांधावर बाभूळ, निंब, बोर, मधूनच एखादी चिंच किंवा आंबा, आणि मध्ये मोकळे शेत. वाडवडिलांची मांडणी जवळपास हीच होती.

हिवरे बाजारचा धडा

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव तुम्ही ऐकले असेलच. तिथे झाडे लावली आणि पाणी आले, असे थोडक्यात सांगितले जाते. ते अपुरे आहे. तिथे डोंगरावर समतल चर खोदले, कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, ओढ्यांवर बांध घातले. आणि त्याबरोबर शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, जास्त पाणी पिणारी पिके टाळली, आणि गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायला सुरुवात केली. झाडांनी आणि चरांनी जमा वाढवली, नियमांनी खर्च रोखला. यातली एक बाजू घेऊन दुसरी सोडली तर विहीर भरलेली राहणार नाही.

मग आपण काय करावे?

१. माळावर आधी चर, मग झाड. उतार असलेल्या पडीक जमिनीत पहिल्यांदा समतल चर खोदा. त्याच्या खालच्या अंगाच्या मातीवर झाडे लावा. मधल्या पट्ट्यात पवन्या, मारवेल यांसारखे गवत वाढू द्या. पाणी मुरवण्यात गवताचा वाटा मोठा आहे, आणि वैरणही मिळते.

२. झाडे विरळ ठेवा. बांधावर मोठी होणारी झाडे २५ ते ३० फुटांवर असू द्या. सुरुवातीला दाट लावली असतील तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मधली काढून घ्या. सरपण मिळेल, मेढी मिळतील आणि राहिलेल्या झाडांनाही बरे.

३. झाड निवडताना पानगळ बघा. अंजन, हिवर, खैर, सीताफळ, बोर, आवळा ही आपल्या कोरड्या हवेत मुरलेली झाडे आहेत. ऐन टंचाईच्या दिवसांत पाने झाडून बसणारे झाड पाणी कमी पिते. उभे वर्ष हिरवेगार राहून भराभर वाढणारे झाड पाणी जास्त घेणार, हा साधा ठोकताळा ध्यानात ठेवा.

४. विहिरीच्या वरच्या अंगाला दाट लागवड नको. पाणी येते ती बाजू वरची. तिथे निलगिरी किंवा सुबाभळीचे दाट रान करू नका. नवी मोठी झाडे विहिरीपासून निदान ५०-६० फूट लांब लावा, म्हणजे मुळ्या बांधकामातही शिरणार नाहीत.

५. विहिरीवरचा जुना निंब तोडू नका. मूळ विहिरीच्या दगडी बांधकामात शिरले असेल तर तेवढे मूळ काढा. नाहीतर छाटणी पुरे. छाटणीने पाने कमी झाली की पाण्याचा खर्चही कमी होतो, आणि रब्बीच्या पिकावर सावलीही पडत नाही. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. तोडणीचा विचार असेल तर वनखात्याच्या कार्यालयात आधी चौकशी करा.

६. बांधावरच्या झाडाच्या मुळ्या पिकात येत असतील, तर झाडापासून थोड्या अंतरावर पिकाच्या बाजूने दोन-अडीच फूट खोल चर काढा. वरवरच्या आडव्या मुळ्या तुटतात आणि झाड खालच्या मुळ्यांवर जगते. मात्र एकाच वर्षी चारही बाजूंनी मुळ्या तोडू नका.

७. ओढ्यातली आणि तलावातली वेडी बाभूळ काढा. नुसती वरून तोडली तर बुडखा पुन्हा फुटतो आणि पहिल्यापेक्षा दाट होतो. जमिनीखालच्या गड्ड्यासह खणून काढा. काढल्यावर काठ उघडा ठेवू नका, नाहीतर पहिल्याच पुरात कड ढासळेल. लगेच गवत आणि करंज, जांभूळ यांसारखी झाडे लावा.

८. रोपे जगवा. मृगाचा-आर्द्राचा चांगला पाऊस झाला की दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात रोप लावा. पहिले दोन उन्हाळे मडके पुरून, त्याच्या तळाला छिद्र पाडून वात घालून पाणी द्या. आळ्यात पालापाचोळा अंथरा. हजार लावून शंभर जगवण्यापेक्षा शंभर लावून नव्वद जगवलेले बरे.

९. विहीर मोजा. हे काम बिनखर्चाचे आहे. दोरीला फुटाफुटावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळी पंप सुरू करण्याआधी, कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते वहीत लिहा. शेजारी गावातला पाऊस लिहा आणि त्या महिन्यात पंप किती तास चालला तेही लिहा. दोन-तीन वर्षांची वही झाली की पाणी झाडाने नेले की पंपाने, हे कुणाला विचारायला लागणार नाही.

शेवटी थोडक्यात

बंधूंनो आणि भगिनींनो, झाड पाणी तयार करत नाही. पाऊस जेवढा पडायचा तेवढाच पडतो. झाड त्या पावसाला जमिनीत उतरायला वाट करून देते, आणि त्या कामाची मजुरी म्हणून त्यातले काही पाणी स्वतः पिते. झाडे बेताची असली तर मजुरी परवडते आणि वर शिल्लक राहते. फार झाली तर कमाई मजुरीतच जाते. आणि अजिबात नसली तर काम करायलाच कोणी नाही, पाणी ओढ्याने गावाबाहेर निघून जाते.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात कुऱ्हाड हातात घेण्याआधी दोरी आणि वही हातात घ्या. येत्या पावसाळ्यात रोपे आणण्याआधी आपली माती किती खोल आहे, विहिरीचा वरचा अंग कुठला, आणि झाडे किती अंतरावर बसतील, हे शेतात फिरून ठरवा. शेजाऱ्यालाही बरोबर घ्या. बांध दोघांचा असतो, आणि जमिनीखालचे पाणी तर बांध मानतच नाही.

रामराम.